ऊन आणि उजेड : सूर्यशक्तीचा विनियोग

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने कवितेवर किंवा संतवाङ्मयावर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. सूर्यशक्तीसारखा विषय विज्ञानाच्या प्राध्यापकाकडे जावा, हे रीतीला धरून झाले असते. परंतु ज्या विषयाचे कागद आज आपल्या गावातल्या शेतकऱ्याच्या घरी सहीसाठी येत आहेत, तो विषय केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. तो वाचणाऱ्यांचा झाला आहे, आणि वाचणाऱ्यांची संस्था म्हणजे वाचनालय. म्हणून हा विषय मी आनंदाने स्वीकारला. माझ्या परीने तो भाषेच्या दारातून मांडतो.

आपल्या मराठीत सूर्यापासून मिळणाऱ्या देणगीला दोन निराळे शब्द आहेत : ऊन आणि उजेड. ऊन लागते, उजेड दिसतो. उन्हात पापड वाळतात, उजेडात पोथी वाचता येते. ढगाळ दिवशी ऊन नसते, उजेड मात्र असतो. आपल्या आजीला हा भेद ठाऊक होता. तिला कोणी पदार्थविज्ञान शिकवले नव्हते. सूर्यशक्ती कामाला लावण्याचे जे दोन मोठे मार्ग आज जगभर रूढ आहेत, ते नेमके या दोन शब्दांप्रमाणे विभागलेले आहेत. एक मार्ग उन्हाचा, म्हणजे उष्णतेचा. दुसरा मार्ग उजेडाचा, म्हणजे प्रकाशापासून थेट वीज करण्याचा. हे दोन शब्द हाती धरले म्हणजे पुढचा सारा विषय सुलभ होतो.

प्रथम उन्हाचा मार्ग पाहू. हा मार्ग आपल्याला नवा नाही. चैत्र-वैशाखात अंगणात पडणाऱ्या कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, चिंच. जंगलालगतच्या गावांत चटयांवर पसरलेली मोहाची फुले. खळ्यावर वाळत घातलेले धान. कोकणच्या किनाऱ्यावरील मिठागरे हे सारे सूर्यशक्तीचेच कारखाने होत. त्यांना बिल येत नाही म्हणून कोणत्याही सरकारी तक्त्यात त्यांची नोंद नसते. या कामासाठी उद्या लाकूड किंवा वीज जाळावी लागली असती, तर खर्च केवढा झाला असता याचा विचार केला म्हणजे घरातील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या केलेल्या या विनियोगाचे मोल लक्षात येते.

परंतु उन्हाने यंत्र चालवावे ही कल्पनाही आपण समजतो तितकी अलीकडची नाही, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत घडलेला आहे. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात मुंबईत सरकारी नोकरीत होता. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो याने शंकूच्या आकाराच्या आरशाने ऊन एकवटून वाफेचे यंत्र चालवले होते, हे अ‍ॅडम्सला ठाऊक होते. मूशोचा आरसा महाग होता आणि तो फार मोठा करता येत नव्हता. अ‍ॅडम्सने निराळी युक्ती काढली. साधे, सपाट, चांदीचा मुलामा दिलेले लहान आरसे त्याने अर्धवर्तुळाकार चौकटीवर अशा कोनांत बसवले की, प्रत्येक आरशाचा कवडसा मध्यभागी ठेवलेल्या एकाच बाष्पपात्रावर पडावा. सूर्य सरकेल तशी ती चौकट एका माणसाने हाताने सरकवायची. एवढ्या सामग्रीवर त्याने मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालवून पाणी उपसून दाखवले आणि ते पाहायला लोकांना बोलावले. त्याच्या प्रयोगांचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापले गेले. उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता वापरावी, असे प्रतिपादन त्या पुस्तकाच्या नावातच होते.

जिथे इंधन दुरून आणावे लागते पण ऊन वर्षभर दारात असते, तिथे हे यंत्र परवडावे, हा अ‍ॅडम्सचा हिशेब साधा होता. यंत्र चालले, तरीही ते पसरले नाही. रेल्वेचे जाळे वाढले, खाणीतला कोळसा स्वस्तात सर्वत्र पोहोचू लागला, आणि ढगाळ दिवशी बंद पडणारे, माणसाने सतत सरकवावे लागणारे यंत्र कोणी घेईना. पराभव सूर्याचा झाला नाही, आरशाचाही झाला नाही. कोळशाच्या भावापुढे ती कल्पना मागे पडली. सूर्यशक्तीच्या इतिहासाचे हे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिचा प्रश्न बहुधा शक्य-अशक्यतेचा नसतो. तो भावाचा, देखभालीचा आणि सवयीचा असतो. आज उंच मनोऱ्यावरील एका बाष्पपात्राकडे हजारो सपाट आरसे वळवून वीज करणारी केंद्रे जगात अनेक ठिकाणी उभी आहेत. त्यांची मूळ रचना कुलाब्याच्या त्या बंगल्यातल्या आरशांशी अगदी जवळचे नाते सांगते.

या मार्गाचे अलीकडील एक उदाहरण शिर्डीचे आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ साली ७३ अंतर्गोल आरशांच्या ताटल्या बसवण्यात आल्या. प्रत्येक ताटली १६ चौरस मीटरची. आरशाने एकवटलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते, ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येते आणि भात-वरण शिजते. दिवसाला सुमारे २० हजार माणसांचे अन्न शिजवण्याच्या बेताने ही योजना आखलेली होती. येथे वीज तयार करण्याचा खटाटोप नाही. अन्न शिजवायला उष्णताच हवी असेल, तर प्रथम वीज करून मग तिची उष्णता करण्यात मधल्या मध्ये बरीच शक्ती वाया जाते. घराच्या छतावरील पाणी तापवण्याच्या संचाचे तत्त्वही हेच : काळा रंग ऊन शोषून घेतो, काच ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. ज्या कामाला उष्णताच हवी, त्या कामाला ऊनच द्यावे.

आता उजेडाचा मार्ग. १८३९ साली एदमाँ बेकेरेल या फ्रेंच तरुणाला असे आढळले की, विशिष्ट द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला असता विजेचा प्रवाह निर्माण होतो. १८७६ साली इंग्लंडमध्ये सेलेनियम या घन पदार्थातही हाच परिणाम दिसला. तो दाखवणाऱ्या दोघा संशोधकांपैकी एकाचे नावही योगायोगाने विल्यम अ‍ॅडम्सच होते. मात्र तो मुंबईचा अ‍ॅडम्स नव्हे. प्रकाश हा शक्तीच्या सुट्या सुट्या पुड्यांनी येतो, ही उपपत्ती १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडली आणि प्रकाशामुळे पदार्थातून विद्युत्कण का सुटतात याचा उलगडा केला. त्याला १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने या कार्यासाठी. पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या त्रयीने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार केला. पडलेल्या प्रकाशशक्तीपैकी सुमारे ६ टक्के शक्तीचे तो विजेत रूपांतर करी. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, असे घट व्हॅनगार्ड या उपग्रहावर बसून अंतराळात गेले. अंतराळात दुसरा स्वस्त पर्याय नसल्यामुळे तेथे भावाचा प्रश्न नव्हता. पृथ्वीवर मात्र तो होता, आणि तो सुटायला पुढची पन्नास-साठ वर्षे जावी लागली.

हा घट काम कसे करतो, हे थोडक्यात सांगतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत आणि गारगोटीत विपुल असते. ते अतिशय शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या कापतात. चकतीच्या एका थरात फॉस्फरसचा अत्यल्प अंश मिसळतात, त्यामुळे तेथे विद्युत्कण जास्त होतात. दुसऱ्या थरात बोरॉनसारख्या द्रव्याचा अंश मिसळतात, त्यामुळे तेथे विद्युत्कणांच्या जागा रिकाम्या राहतात. दोन थर जिथे भेटतात त्या सीमेवर एक प्रकारचा विद्युत्-उतार तयार होतो. प्रकाशाच्या धक्क्याने विद्युत्कण सुटला की तो या उतारावरून एकाच दिशेने जातो. शेताच्या बांधात एकच मोरी ठेवली म्हणजे पाणी जसे एकाच बाजूने वाहते, तसेच. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू. यात काही फिरत नाही, काही जळत नाही, आवाज नाही, धूर नाही. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टहून थोडासाच अधिक असतो. म्हणून असे साठ-सत्तर घट एकापुढे एक जोडून काचेखाली बंद करतात. त्यालाच आपण बाजारात ‘सोलर प्लेट’ म्हणतो.

आकाश निरभ्र असताना दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे १००० वॅट शक्ती उतरते. आजच्या चांगल्या प्लेटा तिच्यापैकी २० टक्क्यांच्या आसपास शक्तीची वीज करतात. उरलेल्या बहुतेक शक्तीने प्लेट तापते, आणि इथेच आपला ऊन-उजेडाचा भेद पुन्हा उपयोगी पडतो. प्लेटला उजेड हवा असतो. उष्णता तिला मानवत नाही. २५ अंशांच्या पुढे प्रत्येक अंश तापमानाला तिचे उत्पादन अदमासे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणून मे महिन्यात ऊन तीव्र म्हणून वीजही तितक्याच पटीने जास्त, असा हिशेब जुळत नाही. स्वच्छ, थंड, वाऱ्याचा फाल्गुनातला दिवस प्लेटला अधिक मानवतो. प्लेटेखालून वारा खेळता राहील अशी उंची का ठेवायची, याचे कारण हेच. धूळ आणि सावली हे तिचे आणखी दोन शत्रू. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे पिंपळाच्या एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी साऱ्या माळेचा प्रवाह रोडावतो.

प्लेट कोणत्या दिशेने बसवावी, याचे उत्तर आपले कटंगी नकाशावर कुठे आहे यावर अवलंबून आहे. आपले गाव सुमारे पावणेबावीस उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोन वेळा, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास, भर मध्यान्ही सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लुप्त होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत हरवतो, मे महिन्यातला मात्र कोणत्याही शाळेला अंगणात काठी रोवून पाहता येईल. वर्षातले उरलेले बहुतेक दिवस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून प्लेटही दक्षिणेकडे तोंड करून, साधारण आपल्या अक्षांशाइतक्या उताराने बसवतात.

प्लेटेतून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील पंखे-दिवे उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालतात. इन्व्हर्टर हे यंत्र एकीचे रूपांतर दुसरीत करते. घरात लागेल तेवढी वीज वापरली जाते आणि उरलेली नेट मीटरमार्गे कंपनीच्या तारांत जाते. रात्री आपण तिच्याकडून घेतो, आणि दोहोंचा हिशेब होतो. एक किलोवॅटच्या संचाला सावलीविरहित सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि तो सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवण्यात आले. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी या सुमारे शंभर घरांच्या गावाने त्याच वर्षी घरोघरी सौरवीज आणली आणि महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून ते ओळखले जाऊ लागले. हे गाव मोठे नाही, श्रीमंतही नाही; ग्रामस्वच्छतेपासून ग्रामसभेपर्यंत एकत्र बसून ठरवण्याची सवय त्या गावाला आधीपासून होती. त्या सवयीचा वाटा प्लेटांहून कमी नसावा, असे मला वाटते.

मोठ्या प्रमाणावरचे चित्र आपल्याच राज्यात पाहायला मिळते. रीवा जिल्ह्यातील गुढ तहसिलीत ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. १० जुलै २०२० रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्या विजेचा पहिल्या वर्षीचा दर फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात युनिटला २ रुपये ९७ पैसे ठरला, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले, कारण सूर्याची वीज नव्या कोळशाच्या विजेशी स्पर्धा करू लागली होती. अ‍ॅडम्स ज्या भावापुढे हरला, तो भाव सुमारे १४० वर्षांनी उलटला. या प्रकल्पाची जवळपास चतुर्थांश वीज दिल्लीच्या मेट्रोसाठी राखलेली आहे. नर्मदेवरील ओंकारेश्वर जलाशयाच्या पाण्यावर तरंगत्या प्लेटांचे प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे जमीन लागत नाही आणि पाण्याच्या सान्निध्याने प्लेटा थोड्या थंड राहतात. देशाची एकूण सौर क्षमता मार्च २०१४ मध्ये ३ हजार मेगावॅटच्या आतच होती. जानेवारी २०२५ अखेर तिने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

आकडे ऐकून छाती फुगते. परंतु एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज या निरनिराळ्या गोष्टी आहेत. सौर प्रकल्प रात्री थांबतो, सकाळ-संध्याकाळ मंदावतो, आषाढ-श्रावणात झाकोळतो. आपल्या घरांतील दिवे मात्र सूर्य मावळल्यावरच लागतात. ही तूट भरून काढण्यासाठी मोठ्या बॅटऱ्या किंवा दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारी जलविद्युत केंद्रे लागतात, आणि त्यांचा खर्च विजेच्या भावात मिळवावा लागतो. तोवर रात्रीचा मोठा भार सारणी, बीरसिंहपूर, कोराडी, चंद्रपूर येथील कोळशाची केंद्रेच वाहत आहेत. सूर्याची वीज फुकट, हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. सूर्य फुकट आहे. ती साठवण्याला, वाहून नेण्याला आणि दुरुस्तीला दाम पडतो.

आता आपल्या अंगणात येऊ. आपला मुलूख धानाचा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय. धानाला पाणी लागते, आणि पाण्याला वीज. कृषी पंपांना वीज पाळ्यांनी मिळते. पाळी रात्रीची आली की पौषातल्या थंडीत, साप-विंचवाच्या भयात, कंदील-बॅटरी घेऊन शेतकरी बांधावर जातो. ज्याने घरातला कर्ता माणूस अशा रात्री बाहेर गेलेला असताना दाराकडे डोळे लावून बसणारी माउली पाहिली आहे, त्याला दिवसाच्या विजेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. सूर्यशक्ती दिवसा मिळते हा एरवी तिचा दोष मानला जातो. शेतीच्या बाबतीत तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. पाणी रात्री द्यावे असे पिकाचे काही मागणे नाही.

हे ओळखून महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचा प्रारंभ झाला. शेतकऱ्याच्या प्रत्येक विहिरीवर निराळा संच बसवण्याऐवजी, उपकेंद्राजवळ एक लहान सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वाहिनीवरील सर्व पंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना. २०२३ च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरला. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून सर्व देशाला लागू झाली. तिच्यात लहान प्रकल्प, स्वतंत्र सौर पंप आणि वाहिन्यांचे सौरीकरण अशी तीन अंगे ठेवली गेली.

आपली अडचण आगळी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आपण सारे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होतो. आज बावनथडीचे पाणी दोन राज्ये वाटून घेतात, आपल्या लेकी तुमसर-गोंदियाला आणि तिकडच्या इकडे नांदतात, आणि योजनांच्या गोष्टीही सोयरिकीबरोबर सीमा ओलांडतात. तिकडच्या व्याह्याला मिळालेला पंप, तिकडचा भाड्याचा दर ऐकून इकडचा शेतकरी तोच हिशेब मनात धरतो. परंतु इकडचा अर्ज वेगळा, कार्यालय वेगळे, शेतकऱ्याचा हिस्सा वेगळा, कराराची कलमे वेगळी. या अंतरातच मध्यस्थाला जागा मिळते. कोणी नोंदणीच्या नावाखाली पैसे मागतो, कोणी कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. शिक्षित कुटुंबेही जिथे फसतात, तिथे अल्पशिक्षितांनी काय करावे?

करार पंचवीस वर्षांचे असतात, हे नीट ध्यानात घ्यावे. आज पन्नाशीत असलेला शेतकरी सही करतो, तेव्हा करार संपताना तो पंच्याहत्तरीत असेल आणि जमीन त्याच्या नातवाच्या वाट्याला येण्याची वेळ झालेली असेल. एका सहीने तीन पिढ्या बांधल्या जातात. भाडे कोणत्या तारखेला मिळेल, कंपनी विकली गेली तर जबाबदार कोण, मुदतीनंतर काँक्रीटचे खांब कोण उपटून नेईल, वाटसरूंची पायवाट आणि गुरांची चराई यांचे काय, हे प्रश्न सहीच्या आधी विचारायचे असतात. माझे मत मी स्पष्ट सांगतो : धानाच्या काळ्या, ओलिताच्या जमिनीवर प्लेटा उभारू नयेत. बरड माळ, छपरे, शाळा-दवाखान्यांची छते, धानगिरण्यांचे विस्तीर्ण पत्रे एवढे आपल्याकडे असताना पिकती जमीन झाकणे हा व्यवहार नव्हे.

दुसरा इशारा पाण्याचा. डिझेलच्या पंपाला प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागत, त्यामुळे हात आपोआप आखडता राही. सौर पंप बसला की उपशाला दाम उरत नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पंप चालू ठेवण्याचा मोह होतो. उन्हाळी धानाला पाणी अतोनात लागते. भंडारा-गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव हे पाणी मुरवण्याचे आणि पुरवून वापरण्याचे शहाणपण होते. तलाव गाळाने भरले आणि विहिरींवर फुकट चालणारे पंप आले, तर सूर्याच्या साहाय्याने आपण आपलीच जमीन कोरडी करू. म्हणून जिथे सौर पंप येतील तिथे तलावाचा गाळही निघाला पाहिजे, आणि उरलेली वीज कंपनीला विकण्याची सोय मिळाली पाहिजे. वीज विकून चार पैसे मिळतात असे दिसले, की शेतकरी पाणी वाचवायला आपणहून शिकेल.

तिसरी गोष्ट देखभालीची. अनेक गावांच्या चौकांत सौर दिव्यांचे खांब उभे दिसतात. प्लेट शाबूत, दिवा शाबूत, बॅटरी मात्र मेलेली. प्लेट पंचवीस वर्षे टिकते, बॅटरीचे आयुष्य त्याहून पुष्कळ कमी. संच बसवताना फोटो निघतात. बॅटरी बदलताना कोणी येत नाही. गावातील दोन तरुणांना हे काम शिकवले आणि ग्रामपंचायतीने बॅटरीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढली, तर तो खांब पुन्हा दिवा होतो.

या साऱ्या व्यवहारात आपला जिल्हा केवळ ग्राहक नाही, हेही सांगितले पाहिजे. सौर संचांच्या तारांत तांबे लागते, आणि मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात आहे. भरवेली आणि तिरोडीच्या खाणींतले मँगनीज मुख्यतः पोलादासाठी जाते. परंतु काही प्रकारच्या बॅटऱ्यांतही मँगनीज लागते. जी भूमी या नव्या युगाला कच्चा माल देते, तिच्या पोरांनी केवळ प्लेटा पुसण्याची मजुरी करावी काय? तंत्रशिक्षणाच्या संस्थांतून इन्व्हर्टर दुरुस्त करणारी, संच आखणारी, हिशेब तपासणारी पोरे आपल्याकडे तयार झाली, तरच या परिवर्तनात आपला वाटा पडेल.

शेवटी वाचनालयाविषयी. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वाचनालये काढली, त्यांचा विश्वास होता की माणूस स्वतः वाचू लागला की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची त्याची लाचारी संपते. तेव्हा सावकाराची वही वाचता येणे निकडीचे होते; आज सौर प्रकल्पाचा करार वाचता येणे तितकेच निकडीचे आहे. कागद हिंदीत किंवा इंग्रजीत येतात, घरात मराठी-पोवारी बोलली जाते, आणि मधल्या दरीत सही होऊन जाते. म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने मी तीन विनंत्या करतो. एक, वाचनालयात सूर्यशक्तीविषयीच्या पुस्तकांचा, सरकारी नियमांचा आणि कोऱ्या करारांच्या नमुन्यांचा एक स्वतंत्र कप्पा असावा. दोन, महिन्यातून एका रविवारी वकील, वीज खात्यातील निवृत्त जाणकार आणि अध्यापक यांनी येथे बसावे, आणि जो कोणी आपला कागद घेऊन येईल त्याला तो त्याच्या भाषेत विनामूल्य वाचून दाखवावा. तीन, वाचनालयाच्या छपरावर एक लहान संच बसवून त्याची रोजची वीज एका वहीत शाळकरी मुलांकडून टिपून घ्यावी. वर्षभरात आपल्या गावाची स्वतःची आकडेवारी तयार होईल. मग कोणताही विक्रेता आला आणि दिवसाला दहा युनिटांची थाप मारू लागला, तर ती वही उघडून त्याच्यापुढे ठेवता येईल.

आश्रयदात्यांना एवढेच सांगतो, की या तिन्ही कामांना मोठा निधी लागत नाही. एक कपाट, एक रविवार आणि एक वही एवढीच सामग्री पुरे. सूर्य दोन्ही राज्यांवर सारखाच उगवतो. त्याच्या नावाने येणारा कागद मात्र वाचूनच घ्यावा लागतो. ते वाचन या वास्तूत सुरू व्हावे, अशी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करतो.